शेंदराखालचा दगड

मी दगड बोलतो आहे. देव बोलतो आहे असे समजून हात जोडू नका. त्याच गैरसमजाने माझी जागा गेली.

माझा जन्म अमेरिकेत, व्हर्जिनियातील एका ओढ्यात झाला. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दूरवरून जमीन कसायला आलेल्या कुटुंबातील एका बाईने मला तिथून उचलले आणि टेकडीवर नेऊन आपल्या तान्ह्या मुलाच्या उशाशी अर्धे पुरले. नाव ठेवण्याआधीच ते मूल गेले होते, म्हणून माझ्यावर अक्षर नाही. त्या घराची बाकीची थडगी वरच्या अंगाला ओळीने होती. मी एकटा उताराच्या कडेला. पुढे ते कुटुंब पश्चिमेकडे निघून गेले. शेत मोडले, रान माजले. माणसे जमीन विकतात तेव्हा मेलेल्यांना विचारत नाहीत.

आता रानापलीकडे डेटा सेंटर उभी आहेत. त्यांची घरघर माझ्या अंगातून जाते.

जवळच्या अ‍ॅशबर्न गावी मुलाकडे आलेल्या सरलाकाकू त्या वाटेने फिरायला येत. पावसाने मोकळा होऊन मी चिखलात आडवा पडलो होतो. काकूंनी मला उचलून धुतले, तिथून दूर सीडरच्या झाडाखाली पूर्वेकडे तोंड करून बसवले आणि इंडियन स्टोअरमधला शेंदूर तेलात कालवून माखला. त्यांची सून आश्लेषा गरोदर होती. डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. काकू मला नवस बोलल्या. एका मुलाच्या राखणीवरून काढून आपण याला दुसऱ्याच्या राखणीवर बसवले आहे, हे त्यांना कोण सांगणार?

मग सुजाता आली. ही इथलीच मराठी मुलगी सुट्टीच्या दिवशी रानात टाकून दिलेली जुनी थडगी शोधते. त्या टेकडीवर नवी इमारत व्हायची होती. थडग्यांपुरते कुंपण घालून बाकीची जमीन खणायची, असे ठरले होते. सुजाताने माझा मातीत काळवंडलेला खालचा भाग पाहिला, वरचा शेंदूर पाहिला आणि कपाळाला हात लावला. दुसऱ्या सकाळी ती शेंदूर लावणाऱ्याची वाट पाहत तिथे थांबली. काकू मुलाला, यतीनला, घेऊन आल्या.

“काकू, हा दगड तुम्ही कुठून उचललात?”

“दगड काय म्हणतेस? देव आहे तो.”

“मी बुद्धिस्ट आहे काकू, मला दगडच दिसतो. पण तो कुणाच्या तरी ग्रेव्हवरचा आहे. एवढासा आहे, म्हणजे बहुतेक लहान मूल. तुम्ही जागा दाखवली नाही, तर सोमवारी फेन्स फक्त वरच्या ग्रेव्हजना लागेल आणि बाकी सगळीकडे मशीन चालेल.”

यतीन हसला. “आई, यार! तुला पार्किंग लॉटमध्येपण देव सापडेल!”

“तू गप्प बस रे!” काकू सुजाताकडे वळल्या. “बसवलेला देव हलवू? आठवा लागलाय तिला. काही झालं म्हणजे?”

सुजाता हळूच म्हणाली, “त्या बाळाची आईपण अशीच घाबरली असेल, काकू.”

 काकू यतीनच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन खाली बसल्या आणि ओढणीच्या टोकाने मला पुसू लागल्या. तेलातला शेंदूर लवकर सुटत नाही. देवपण चढवायला क्षण पुरतो, उतरवायला हात दुखवावे लागतात.

मग काकू जागा दाखवायला निघाल्या, पण उतारावर गवत वाढले होते. “इथे... नाही गं, जरा खाली...” जागा आठवेना. काकू जिथे जिथे थबकल्या, तिथे तिथे सुजाताने लहान झेंडी रोवली.

सोमवारी कुंपणाची रेघ आखायला आलेल्या मोजणीदाराने त्या झेंड्या पाहून कुरकुर केली. नक्की जागा कोणती, एकच सांगा, असे तो म्हणाला.

“नक्की आठवत नाही,” काकू म्हणाल्या, “म्हणून सगळीच सोडा म्हणावं.”

यतीनने ते इंग्रजीत सांगितले. या वेळी तो हसला नाही.  मोजणीदाराने कुंपणाची दोरी शेवटच्या झेंडीपलीकडच्या चरापर्यंत लांबवली.

मूल कुंपणाच्या आत आहे, सुरक्षित आहे. पण मला अंदाजाने रोवले आहे. त्याचे डोके माझ्यापासून दोन हात डावीकडे आहे. हे मला कळते आणि मला सरकता येत नाही. काकू कुंपणाबाहेर येऊन उभ्या राहतात, काही मागत नाहीत. आश्लेषा अजून बाळंत व्हायची आहे.

वाचकहो, भक्ती जरूर करा. मात्र एखादी वस्तू पूज्य म्हणून उचलण्याआधी ती कोणाची आहे, हे विचारा. देवाला जागा कुठेही मिळते. मेलेल्या मुलाला एकच असते.