काचेवरचा उसना कागद

ऐक गं, फक्त ऐक, मधे बोलू नकोस — नखाएवढा कागद, खिडकीच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, हिरवट, अर्धा सोललेला, आणि बाकी काच अशी लख्ख की नाहीच आहे असं वाटावं, आणि मी चहाचा कप धरून उभी... कारण तो कागद म्हणजे आईचे निम्मे पैसे होते.

म्हणजे बघ, तिच्या खोलीतल्या जुन्या खिडक्यांतून वारा यायचा, हीटर दिवसभर चालू, तरी ही आपली शाल गुंडाळून खोकत बसायची. मग मीच शोधून काढलं — दुहेरी काचा बसवा, वीज वाचवा, निम्मा खर्च सरकार परत देतं. "परत देतं? सरकार?" म्हणून आई कितीतरी वेळ हसली. पण ठेव मोडली तिने, माझ्या शब्दावर. आणि नियम एकच होता, तपासणी होईपर्यंत काचेवरचा स्टिकर काढायचा नाही, काचेचा दर्जा त्यावरच छापलेला असतो... तेवढं एक आईला सांगायचं मी विसरले. कुणाला, तर जिला बरणीवरचं लेबलसुद्धा बघवत नाही!

"चारही काचांवरचे काढलेस?"

"अगं, काचेला मलमपट्टी केल्यासारखं दिसत होतं. कोमट पाणी, साबण... तासभर घासत होते," ती म्हणाली, आणि चेहरा इतका खूश, की मला पुढे बोलवेचना. तपासणी त्याच दिवशी चारला. योजनाही त्याच दिवशी बंद.

ऑफिसातून खिडकीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, टेन्शन कशाला घेता? दुसऱ्या घरचे स्टिकर आहेत माझ्याकडे, तिथली तपासणी उरकलीय. कंपनी तीच, काच तीच. येऊन घेऊन जा." काच तीच, काच तीच — दिवसभर मी हेच घोकत होते, समोर कुणाची तरी फाईल उघडी, एक ओळ कळत नव्हती, खोटं कुठे आहे यात, काच खरी, फक्त कागद उसना... आणि मधेच आठवलं ते प्रगतिपुस्तक. चौथीत आईची सही मीच ठोकली होती. ओरडली नाही ती. आठ दिवस फक्त माझ्याकडे न बघता बोलली, भाजी चिरता चिरता, चाकूकडे बघून.

त्याच्याकडून स्टिकर घेऊन तीनला घरी आले. आई शेजारी गेलेली. दहा मिनिटांत चारही चिकटवले, एक तर तिरकाच बसला.

तपासनीस बाई अगदी चारच्या ठोक्याला. चष्मा कपाळावर ढकलून एकेक स्टिकर वाचतायत, बिलाशी ताडून बघतायत, त्या तिरक्यापाशी जरा जास्तच थांबल्या — आणि दारातून आई.

"अय्या, हे परत कसे..."

आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी काहीच केलं नाही गं, मान हलवली नाही, डोळे मिचकावले नाहीत, शपथ... नुसती बघत राहिले.

"काय म्हणालात?" बाई वळल्या.

"काही नाही. चहा घेणार का, विचारत होते."

"नको. बसवल्यापासून काचांना कुणी हात लावला नाही ना?"

माझी आई म्हणजे दुकानदाराने चुकून जास्त दिलेली सुट्टी नाणी परत द्यायला भर उन्हात चालत जाणारी...

"नाही," आई म्हणाली.

सही झाली. बाई गेल्या. मी म्हटलं, "झालं गं आई, आले तुझे पैसे!"

"छान झालं," ती म्हणाली, ओट्यावरच्या फडक्याकडे बघून.

आज नववा दिवस. खोली उबदार आहे, खोकला कमी झालाय. आता स्टिकर काढायला कुणाची ना नाही, पण आई रोज काच पुसते आणि त्या चौकोनांच्या कडेकडेने फडकं फिरवते, एक कोपरा उचलत नाही. आणि माझंही नख तिथपर्यंत जातं... आणि मागे येतं. त्या योजनेच्या कार्यालयाचा नंबर मी दोनदा फिरवला, रिंग जायच्या आत ठेवला. सांगितलं तर पैसे जातील, आणि खोटं बोलली म्हणून नाव आईचं येईल, माझं नाही... नाही सांगितलं तर ती फडक्याशीच बोलत राहील. सांग ना, तू काय केलं असतंस?