हात पसरून उभं राहण्याचं काम

या सगळ्यातून मामाला मिळवायचं होतं ते एवढंच: बहिणीच्या हातचं दोन वेळचं जेवण, आणि दाजींच्या तोंडून "नोकरीचं काय?" हे न ऐकण्याचं सुख. दाजींनी तर रविवारी घर सोडायला बजावलं होतं. मामाने आयुष्यात मेहनत केली ती फक्त काम टाळायला.

भाची डॉक्टरकी शिकत होती. शनिवारी ती मोठ्याने घोकत होती, "मज्जातंतूत प्रथिनांच्या नळ्या म्हणजे रूळ. त्यांवरून मालवाहू प्रथिनं धावतात. आणि काही प्रथिनांचे धागे बाजूंना हात पसरून उभे असतात."

मामाने कान टवकारले. "उभे? नुसते?"

"जवळजवळ नुसतेच. म्हणून तर तंतू रुंद राहतो आणि निरोप झटकन पोचतो."

आपल्या लायकीचं काम मामाने जन्मात पहिल्यांदाच ऐकलं.

रविवारी दाजी उठले, तर स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मधल्या पॅसेजमध्ये मामा दोन्ही भिंतींना तळवे टेकवून उभा.

"हे काय नवीन सोंग?"

"घराला आधार देतोय, दाजी."

"आधार? तू? आधी बॅग उचल!"

तेवढ्यात आतून ताईने "चहा झाला!" अशी हाक दिली. एरवी दाजींना ती तिसऱ्या खेपेला ऐकू यायची. आज पहिल्यालाच आली. दाजी चपापले, पण हट्टाला पेटले. "हात खाली!"

मामाने हात खाली घेतले. भिंती करकरल्या, सावकाश जवळ आल्या, आणि मधोमध दाजींचं पोट अडकलं.

"वर घे! अरे बाबा, वर घे!"

"मग माझा मुक्काम?"

"पक्का! कायमचा!"

मामाने ऐटीत हात पसरले. भिंती मागे सरल्या.

दुपारी खांदे भरून आले, तेव्हा त्याने आपले रिकामटेकडे दोस्त मदतीला बोलावले. सगळेच हात पसरून उभे राहिले आणि जेवणाची ताटं पलीकडे जाईनात.

"धाग्यांची गर्दी झाली की मालवाहतूक तुंबते," भाची म्हणाली. ताईने दोस्तांना हाकलून दिलं.

"मग मी बसू कधी?"

"ते धागे बसत नाहीत, मामा. बसले की आटोपलंच."

एकूण जमाखर्च असा: दाजींना ऐसपैस घर आणि चोवीस तास राबणारा फुकटचा मेहुणा मिळाला. भाची पास झाली. ताईच्या वाट्याला भावाला घास भरवणं आलं. बाकी सगळं भरलं ते मामाने: घरातलं कधीच न संपणारं एकमेव काम त्याच्या गळ्यात पडलं, आणि आता नाकाला खाज सुटली तरी त्याला दुसऱ्याची विनवणी करावी लागते.