फोटोपुरतं टोपडं

विणकामाच्या ग्रुपवर कोणी विणत नाही. हे मी रागाने बोलतेय असं वाटेल. राग आहेच, पण आधी वर्षभर डोळे फोडून बघितलंय. 'चला विणू या' नावाच्या आमच्या ग्रुपवर तेवीस हजार बायका आहेत. एखादीने स्वेटर पुरता करून कोणाच्या अंगात घातलेला दाखवला, तर मी तिचे पाय धरायला तयार आहे. बाकी सगळी नुसती सुरुवात. नवी लोकर आली, तिचा फोटो. नव्या सुया आल्या, त्यांचा फोटो. चार ओळी विणल्या की त्या सुयांसकट पांढऱ्या चादरीवर आडव्या निजवायच्या, शेजारी कॉफीचा कप आणि दालचिनीच्या दोन काड्या ठेवायच्या. फोटो मनासारखा येईपर्यंत कॉफी गार होते आणि मोरीत जाते. मीही किती कप ओतले असतील. 

आणि मी राहते कुठे, तर भिवंडीत. इथे डिसेंबरातही दुपारी पंखा लागतो. लोकर लागते ती दम्याच्या म्हाताऱ्यांना आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळांना, बाकी कोणाला नाही. तरी माझ्या कपाटाचे तीन खण लोकरीने गच्च भरलेले. माझे यजमान केसरीनाथ दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. ते एकदा कपाट उघडून म्हणाले, "मृणाली, आमच्या गोदामात माल येतो तसा जातो तरी. तुझा नुसता येतोच हाय." मी चिडले. ग्रुपवर लिहिलं, 'नवऱ्यांना कला कळत नाही.' नऊशे जणींनी लाइकचे अंगठे दिले आणि माझा राग जिरला.

मला विणायला शिकवलं हबीबाचाचीने. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे, खाली तिच्या नवऱ्याचे, गुलाम हुसेनचाचांचे, कापडाचे सहा लूम आणि वर चाची. मी लग्न होऊन आले तेव्हा दिवसभर ती खटखट ऐकून डोकं उठायचं. चाचीने मला वर बोलावून हातात सुया दिल्या. ती बोलताना विणते, दुधावर लक्ष ठेवताना विणते, भांडताना तर दुप्पट वेगाने विणते. उरलेली लोकर, उसवलेली लोकर, कोणी टाकून दिलेली, काहीही चालतं तिला. गल्लीत अर्धी पोरं तिच्या टोप्या घालून वाढली. तिचा एक फोटो कुठे नाही. तिला मी ग्रुप दाखवला तेव्हा तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "सब अच्छा हाय गं, पर ये पहनता कौन?" मला तेव्हा ती मागासलेली वाटली होती.

माझा भाऊ प्रितेश अंबाडीला राहतो. त्याच्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मग निशाला, माझ्या भावजयीला, दिवस गेले. आमच्या घरात एक रीत आहे. बाळाच्या अंगाला पाचवीपर्यंत जुनं, धुऊन मऊ झालेलं कापडच लावायचं. पाचवीच्या दिवशी पहिलं नवं लागतं ते आत्याच्या हातचं टोपडं. आणि जिचं टोपडं पहिलं डोक्याला लागलं, तिनेच बाळाचं नाव ठेवायचं. नाव ती एकटी ठरवते, बारशाच्या दिवशी कानात सांगेपर्यंत आईबापालासुद्धा कळू देत नाही. माझं नाव माझ्या आत्याने असंच ठेवलं. नऊ वर्षं मी एक नाव मनात धरून होते. ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. फोनवरही कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

टोपडं ही तीन तासांची वस्तू आहे. हबीबाचाचीला दोन पुरतात. मी ते पाचव्या महिन्यात सुरू केलं. पहिल्यांदा पिवळं घातलं, फोटो टाकला. कोणी म्हणालं, पिवळा जुना झाला. उसवलं. मग मोतीदाण्याची वीण घेतली. अॅडमिनताई म्हणाल्या, यंदा जाळीची चलती आहे. उसवलं. चौथ्या खेपेला गुलाबी लोकरीत अस्वलाचे कान काढले आणि सगळ्या जणी वेड्या झाल्या. 'पुरं झालं की दाखवा हं!' आता पुरं होईपर्यंत कोण थांबणार? ग्रुपवर एकीने मागेच युक्ती सांगितली होती: पुढची बाजू विणा, फोटोत पाठ कुठे दिसते? तिच्या त्या सल्ल्याला दोनशे बायकांनी हात जोडले होते. मीही तेच केलं. कपाळापासून टाळूपर्यंतचा पट्टा आणि दोन कान, एवढं विणलं. नारळावर चढवून मागून कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, सुटे टाके एका पिनेत अडकवले. वर लिहिलं, 'आत्याचं टोपडं तयार! आता फक्त बाळाची वाट.' खाली पहिला बदाम निशाचा होता.

बाळ साडेसात महिन्यांतच आलं. मुलगी, दीड किलोची. कल्याण नाक्याजवळच्या इस्पितळात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. चार दिवस निशाने तिला फक्त काचेतून पाहिलं, हात लावता आला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर म्हणाल्या, "आज सहा वाजता बाळ आईच्या छातीशी देऊ. डोकं उघडं चालणार नाही, ऊब जाते. मऊ टोपडं आणा, धुतलेलं." निशा पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "ताईंचं तयारच आहे. ताई, आजच पाचवीपण आहे."

माझी आई, जानकीबाई, बाकावर बसली होती. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. "जा, घेऊन ये. फोटूत तं कवाचा तयार हाय टोपरा. बरा केलास बाय, येळेवारी केलास."

मला तिथेच सांगता आलं असतं. मी "हो, आणते" म्हणाले आणि रिक्षात बसले. तेव्हा साडेदहा वाजले होते. साडेसात तास हातात होते, काम तीन तासांचं. म्हणजे खोटं बोलले असंही मला वाटत नव्हतं.

जिन्यात हबीबाचाची भेटली. तिने बाळाची चौकशी केली. मी सांगितलं, डोकं मोसंबीएवढं आहे, टोपडं करायला घरी आलेय. ती म्हणाली, "जा जा, बैठ. मी तुला अडकवत न्हाय."

घरी येऊन गुलाबी पट्टा काढला. तो पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मापाचा होता, मोसंबीला काय कामाचा? नवं घालायला हवं होतं. किती टाके घालायचे? चाची मागच्या गल्लीत होती. तिला हाक मारली असती तर खिडकीतून आकडा सांगितला असता. मी फोन उघडला.

'दीड किलोच्या बाळाला टोपडं, टाके किती? अर्जंट,' एवढंच लिहिलं. देवाशपथ, एवढंच लिहायचं होतं. पहिल्याच मिनिटाला 'काय झालं ताई??' आलं. मी सांगितलं. मग प्रार्थनांचा लोंढा सुरू झाला. जोडलेले हात, रडकी तोंडं, बदाम. प्रत्येकीला उत्तर देणं मला भाग वाटलं. माणसं आपल्यासाठी देवाला हात जोडतायत आणि आपण गप्प कसं बसायचं? एकीने लिहिलं, अॅक्रिलिक वापरू नका. दुसरीने लिहिलं, आमची तिन्ही अॅक्रिलिकवरच वाढली. दोघी एकमेकींचं घराणं काढेपर्यंत गेल्या. अॅडमिनताईंनी जाहीर केलं, आज प्रत्येकीने मृणालीताईंच्या भाचीसाठी एक टोपडं विणायचं. चारशे जणींनी 'मी पण' लिहिलं. कोणीतरी गुलाबी पट्टीवर मोहिमेचं नाव लिहून चित्र बनवलं, त्या चित्राचंच तासभर कौतुक चाललं. टाके किती, ते एकीनेही सांगितलं नाही. त्या चारशेतलं एकही टोपडं आजतागायत आलेलं नाही. आलं तर मी ते चुलीत घालीन.

आणि मग कोणीतरी लिहिलं, 'बाळाचा फोटो टाका ना, म्हणजे माप कळेल.'

मी टाकला. पेटीतला, काचेतून काढलेला. नाकात नळी, पायाला चिकटपट्टी, छातीच्या फासळ्या दिसतायत. तिच्या आईने अजून तिला हातात घेतलं नव्हतं आणि मी ती उघडी पोर तेवीस हजार बायकांपुढे मांडली. मापासाठी, असं स्वतःला सांगत होते. खरं सांगते, बदामांचा आकडा चढताना मला बरं वाटत होतं. भूक लागलेली कळली नाही, इतकं बरं वाटत होतं. मला स्वतःची इतकी शिसारी आयुष्यात कधी आली नाही. पण ती त्या क्षणी आली नाही, नंतर आली. त्या क्षणी मी फक्त आकडा बघत होते.

दार वाजलं तेव्हा पावणेपाच झाले होते. दारात हबीबाचाची, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. "तुझी टोपी तं झाली असंल," ती म्हणाली. "ही दुसरी ठेव. एक धुवायला गेली तर पोरीच्या डोक्याला काय? आत्ता धुऊन पत्र्यावर सुखवली, गरम हाय." राखाडी, उरलेल्या लोकरीचं, कडेला दोन ओळी निळ्या. ना कान, ना जाळी. माझ्या मुठीत मावेल एवढं आणि पाठीमागूनही पुरं. तिची नजर माझ्या मागे पलंगावर गेली. रिकाम्या सुया, लोकरीचा गुंडा जसाच्या तसा, फोन चार्जिंगला लावून उशीवर टेकवलेला.  "चलती हूँ, चाचांची चाय व्हायचीय," म्हणून ती खाली उतरली.

रिक्षात मी ठरवलं होतं की माझंच आहे म्हणायचं. हे लपवून काय करू? रंग बदलला म्हणायचं, पोर लहान निघाली म्हणून नवं केलं म्हणायचं. तेवढ्यावर भागलं असतं. माझ्या मनातलं नाव वाचलं असतं.

निशा खुर्चीत बसली होती, अंगावर इस्पितळाचा सैल गाऊन. प्रितेश तिच्या मागे उभा होता. मी टोपडं पुढे केलं आणि तोंड उघडलं. निशाने ते हातात घेतलं, आतून बाहेरून फिरवून बघितलं, गालाला लावलं. मग म्हणाली, "कोणी केलं?"

"मीच. ते गुलाबी मोठं झालं असतं, म्हणून दुपारी—"

"ताई, दुपारी तुम्ही सहाशे जणींना उत्तरं देत होता." तिने आवाज चढवला नाही. "मी इथं बसून वाचत होते. दुसरं काय करणार? वाटलं, एकीकडे विणत असाल. मग तुम्ही तिचा फोटो टाकलात."  "माझ्या आधी सगळ्यांनी बघितली ती. एक बाई लिहिते, उंदराच्या पिल्लासारखी दिसते. त्या बाईलाही तुम्ही हात जोडलेत."

जोडले होते. न वाचताच जोडले होते.

प्रितेश भिंतीकडे बघत होता. बाकावरून माझ्या आईने तेच पुन्हा विचारलं, "मृणाली, कोनाच्या हातचा हाय ह्यो?"

"हबीबाचाचीच्या."

 तेवढ्यात सिस्टर बाळाला घेऊन आल्या. निशाने स्वतः ते राखाडी टोपडं तिच्या डोक्यावर चढवलं. कानांवरून खाली आलं, बरोबर बसलं. पोर आईच्या छातीला चिकटली आणि तिचं कुरकुरणं थांबलं. माझी आई उठली, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मंग पोरीच्या कानात नाव हबीबाच सांगल. रीत हाय ती. तुला वाईट वाटंल, पन मी मोडाची न्हाय."

"अगं आई, पण आत्या मी आहे."

"हाय ना. कोन न्हाय म्हनतंय?"

मी ग्रुप सोडला, लोकर शाळेच्या बाईंना देऊन टाकली, हे सांगून मला चांगलं म्हणवून घ्यायचं नाही. सोडल्यावर चार दिवस बोटं आपोआप फोनकडे जायची, तेव्हा व्यसन सुटताना होतं तसंच अंग कणकणायचं. ग्रुपवर मात्र कोणाला पत्ता नव्हता. ती मोहीम कितीतरी दिवस चालू होती म्हणे, वर माझ्या भाचीचा फोटो लावून. निशाने अॅडमिनला तीनदा लिहिल्यावर तो काढला.

बारसं दोन महिन्यांनी अंबाडीला झालं. हबीबाचाची आधी नकोच म्हणत होती. "मेरा क्या काम, आत्या हाय ना तिची," असं दोन वेळा म्हणाली. शेवटी आईने तिच्या घरी जाऊन ओटी भरली, तेव्हा डोक्यावरची ओढणी सारखी करत आली. पाळण्याला फुलं बांधली होती. बायका बाजूला झाल्या, चाची वाकली, भाचीच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. मी पाळण्याच्या दोरीपाशी उभी होते, हातभर अंतरावर. मला ऐकू आलं नाही. मग चाची सरळ झाली, निशाकडे बघून हसली आणि मोठ्याने बोलली. टाळ्या वाजल्या. भाचीचं नाव मला सगळ्या गावाबरोबर कळलं.