न सुकलेला धूर

बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि त्यांच्या शेवटच्या चित्रातला धूर अजून ओला होता.

चित्र भाजावळीचं. पूर्णगडच्या वरच्या अंगाला पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर कातळावरून समुद्राकडे सरकतोय. बाबा जागेवर बसून तेलरंगाचे जाड फटकारे मारत. जवळून नुसता चिखल दिसे, मागे सरलं की सकाळ.

मी बोट लावलं. लाल माती कोरडी, आंब्याची सावली कोरडी. धुराला लावलेलं बोट मात्र निळं झालं.

स्वरूप हा बाबांचा विद्यार्थी. चित्र प्रदर्शनासाठी न्यायला तो येणार होता, आणि बाबांच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडेच असे. चित्र बाबांकडून अर्धवट राहिलं असेल आणि यानेच पुरं केलं असणार. मग त्यात बाबांचं किती उरलं?

तो आल्यावर मी बोट पुढे केलं. "हा धूर कोणाचा?"

"सरांचा." चित्राकडे न बघताच म्हणाला.

"तू रंगवलास?"

"राहीताई, मला असा धूर जमला असता तर चिपळुणात दुकानांच्या पाट्या रंगवत बसलो असतो काय?" मग त्याचं हसू गेलं. किल्ली टेबलावर ठेवून, चित्र न घेताच तो निघाला.

आई दारात आली. "काय झालं गो?"

मी सांगितलं.

"ओला कसा असेल? मी रोज पुसते. पावसाची बुरशी धरते ना, धुरावर तर फारच. देवांच्या तसबिरींना लावते तसं खोबरेल लावते."

जवसाचं तेल सुकतं, म्हणून रंग त्यात घोटतात. खोबरेल सुकत नाही. ते आत मुरून रंग सोडवत होतं. आईच्या हातातलं फडकं निळंकरडं झालं होतं.

"बिघडलं काय?"

"नाही. पण आता मी पुसेन."

मी धावत खाली गेले. स्वरूप बाईक सुरू करत होता. मी त्याला खोबरेलाचं सांगितलं.

"गेल्या आठवड्यातच धूर बदललेला दिसला," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हीच हात लावलात. विचारणार कसं?"

"म्हणून बघत नव्हतास?"

त्याने मान डोलावली. "काकूंना सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. खालचा थर अजून सरांचाच आहे." त्याने बाईक बंद केली. "तेवढा वाचतो का बघू."