कागदावरची डुकरं

नेसरीचे बाहुबलीअण्णा धर्माला पक्के जैन. सूर्य मावळला की घास नाही, घरात कांदा नाही, आणि कोपऱ्यात ठासणीची बंदूक. भुईमुगात रानडुकरं उतरली की अण्णा नळीत नुसती दारू ठासून बार काढायचे. छर्रा म्हणून कधी घातला नाही. डुकरं पळायची, शेंगा वाचायच्या आणि अहिंसाही वाचायची. संस्थानच्या काळात परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला हे ठाऊक होतं. त्यानं परवान्यावर स्वहस्ते लिहून दिलं होतं, 'फक्त आवाजाकरिता'.

मग कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं आणि परवान्याचा नवा छापील अर्ज आला. त्यात एक रकाना होता, 'गेल्या वर्षी मारलेली जनावरं'. अण्णांनी इमानदारीत शून्य लिहिलं. शेरा आला, बंदुकीची गरज दिसत नाही, सबब जमा करावी.

अण्णा तडक कोल्हापूरच्या कचेरीत गेले. "अवो, आवाजानंच पळत्यात की! मारायचं कशाला?"

"व्हय अण्णा, पर मुंबईच्या कागदात आवाजाला रकानाच न्हाय," कारकून पिराजी हळहळला. "घाला एक आकडा. कोण मोजाय येतंय तितनं?"

शेंगा भरत आल्या होत्या. अण्णांनी मनात णमोकार म्हटला आणि एक्केचाळीस लिहिलं.

परवाना मिळाला. पाठोपाठ मोजायला नाही, पण सत्कार करायला साहेब आला. एवढी डुकरं जिल्ह्यात कुणीच मारली नव्हती! भर चावडीवर त्यानं प्रशस्तिपत्र खणखणीत वाचलं. समोर सगळा जैन समाज बसलेला.

मंदिराचे पंच तात्यासो उठले. "बाहुबली, खरं सांग. मारलीस?"

न्हाय म्हणावं तर अर्ज खोटा, बंदूक गेली, पीक गेलं. व्हय म्हणावं तर तोंड दाखवायला जागा नाही. साहेब कौतुकानं हसत होता. अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मारली," ते पुटपुटले.

पंचांनी तिथल्या तिथं प्रायश्चित्त सांगितलं, डुकरामागे एक उपास. न मारलेल्या डुकरांचे एक्केचाळीस उपास अण्णांनी वर्षभरात मुकाट्यानं फेडले. अंगरखा खांद्यावरनं घसरायला लागला. भुईमूग मात्र झकास आला.

पुढच्या साली पुन्हा तोच अर्ज आला. अण्णा टाक घेऊन बसले, तशी त्यांची बायको त्रिशला जवळ आली आणि काकुळतीनं म्हणाली,

"अवं, औंदा चारच मारा."