आबांच्या दहाव्याला हिरवी करी

आबांचा दहावा होता, मुखेडच्या बाहेर तळ्याकाठी. पिंड मांडून लई वेळ झाला, कावळा शिवंना. कावळा शिवल्याशिवाय कुणालाच जेवता येत न्हाई. सगळा गाव मांडवात उपाशी.

मी सत्यम. तवा पुण्यात थाई हॉटेलात आचारी होतो. भांडी घासायपासून सुरू केलं, आता मुंबईच्या नव्या हॉटेलात हेड शेफ म्हणून जाणार होतो. आबा, म्हंजे माझे आजोबा, बसस्टँडवर सगळ्याला सांगायचे, "नातू थायलंडचा सैपाक करतो." खाल्ला कधीच न्हवता. दिवाळीला कर म्हणले होते.

कावळा येईना तर रीत हाय. मेलेल्या माणसाची इच्छा ओळखायची आन् कबूल करायची.

आई म्हणली, "आबा, तुमची म्हैस इकणार न्हाई." कावळा बाभळीवर गप.

आबांचे दोस्त चांदपाशा चाचा उठले, आबांना नावानं हाक मारली. "श्रीमंत, तुझा रेडिओ वापस करतो."

कावळ्यानं तोंड फिरवलं.

"त्याला म्हाईत हाय, बिघडल्याला हाय," चाचा म्हणले आन् खाली बसले.

मंग वैजनाथ काका. स्टँडसमोर त्यांचं भज्याचं हॉटेल, आचारी पळून गेल्याला. पिंडाशेजारी स्वतःचेच भजे ठिवले होते. हात जोडून म्हणले, "आबा, सत्यम माझ्या हाताखाली भजे तळंल. शब्द देतो."

कावळा एक फांदी खाली आला.

गावासमोर आबाला दिलेला शब्द, मोडायचा कसा? मुंबई गेलीच.

"काका, थांबा. आबाला थाई खायचं होतं."

"मंग जा की बँकॉकला. आम्ही बसतो हितंच."

बँकॉक कशाला. गवती चहा चाचाच्या दारातून आणला. मिरच्या, कोथिंबीर, आलं मांडवातल्या आचाऱ्याकडून. नारळ दहाव्याच्या इधीतला. वाटण वाटलं, नारळाचं दूध पिळलं, तीन दगडाची चूल मांडली. चव घ्यायची सोय न्हाई, उष्टं होतं. चव न घेता थाई करायचं म्हंजे डोळे झाकून ट्रॅक्टर चालवायचा.

तिकडं काकाचं चालूच. "आबा, त्याला पगार बी देतो." कावळा अजून एक फांदी खाली.

"गुरुजी, हे चालतं का?" मी विचारलं.

गुरुजी बी सकाळपासून उपाशी. "नारळ हाय ना? चालतंय."

करीचा द्रोण पिंडापुढं ठिवला. कावळा उतरला. थेट भज्याकडं गेला. काकानं माझ्याकडं बघून मिशी पुसली. कावळ्यानं भजं उचललं, करीत बुडवलं, खाल्लं. परत बुडवलं.

कुणाचं खरं, ह्याच्यावर भांडण लागलं असतं. पण सगळे आधीच पंगतीत जाऊन बसल्याले. चाचा जाता जाता म्हणले, "दोघांचं बी कबूल हाय. निस्तरा आता."

निस्तरलं. आज मी मुंबईत हेड शेफ हाय. काका मुखेडचं हॉटेल बंद करून हितं आलेत. दुपारी मी पांढरा कोट काढतो आन् त्यांच्या हाताखाली भजे तळतो. मेनूवर हाय, करी-भजे. लई चालतं. फक्त काकाचा एक नियम हाय. पहिला घास खिडकीत ठिवायचा, कावळा शिवला की मंगच गिऱ्हाइकाला वाढायचं.

काल कावळा येईना. बाहेर टेबलं भरल्याली. मॅनेजर मॅडम दोनदा आत डोकावून गेल्या. काकानं झारा खाली ठिवला, खिडकीपुढं हात जोडले.

"काका, कायबी बोलू नका," मी म्हणलो.

"आबा, सत्यम औंदा लगीन करंल."

कावळा खिडकीत.