काचेचं कौल

सावळारामतात्यांनी कौलाची कड डाव्या हाताने उचलली, उजव्या हाताने जाळीची दुमडलेली किनार तिच्याखाली सरकवली आणि कौल अलगद पुन्हा जागेवर बसवलं. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या वृषालीला त्यांचे हात स्पष्ट दिसत होते.

"झाली का मामा अर्धी?"

"झाली. अंथुर्ण्याचा तो गडी आला असता तर अजून च्याच पीत बसला असता."

कळंबच्या या जुन्या घराला मागाहून काटकोनात स्वयंपाकघर जोडलं, तेव्हापासून दोन छपरं मिळतात तिथल्या पत्र्याच्या पन्हळीत दारातल्या लिंबाचा पाला साचायचा. पाणी तुंबायचं आणि उलटं घरात उतरायचं. संदेशने, वृषालीच्या नवऱ्याने, यंदा पन्हळीवर टाकायला जाळी आणली, बसवायला अंथुर्ण्याचा माणूसही ठरवला. पण आपल्या छपरावर परका माणूस चालणार हे तात्यांच्या पचनी पडेना. आज संदेश डाळिंबं घेऊन इंदापूरला आणि सासूबाई प्रयागबाई लेकीकडे पिंपळीला गेलेल्या बघून म्हाताऱ्याने सकाळीच शिडी लावली. सत्तरी उलटलेल्या माणसाला अडवायचं कोणी? सुनेने? लग्न होऊन आल्यापासून वृषाली त्यांच्यापुढे मोठ्याने शिंकलीसुद्धा नव्हती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि शिडी धरली.

काम मात्र देखणं चाललं होतं, ते कबूल करायला हवं. पत्र्याला भोक पडू नये म्हणून एकही खिळा नाही. जाळी दोन्ही बाजूंनी कौलांच्या वजनाखाली दाबलेली, घट्ट. वृषालीला सासऱ्याचं कौतुक वाटत होतं.

"कात्री वर दिलीस का गं?" तात्यांनी विचारलं.

कात्री त्यांच्या गुडघ्याशी पडली होती. उन्हात लखलखत होती. तात्यांचा हात कौलांवरून चाचपत तिच्या शेजारून गेला, परत आला, पुन्हा शेजारून गेला.

वृषालीच्या तोंडचं पाणी पळालं. हल्ली ते कपाच्या कडेला बोट लावून चहा ओतायचे. मोटारसायकल काढायची सोडली होती, तेल परवडत नाही म्हणून. दिवाळीत तिच्या हट्टाखातर संदेशने स्वयंपाकघरावर काचेचं कौल बसवलं, तेव्हा सगळ्यांबरोबर तेही "लख्ख उजेड पडला" म्हणाले होते, पण भलत्याच भिंतीकडे तोंड करून. त्या दिवशी ती हसली होती. ह्या घरात एवढी माणसं, आणि कोणाला कळू नये?

कात्री अखेर हाताला लागली. तात्या ती कमरेला खोचून उठले. वरची अर्धी पन्हळ राहिली होती. कौल कुठे खालच्या लाकडी रिपेवर टेकलंय हे बोटांनी वाजवून बघायचं आणि तिथेच पाऊल टाकायचं, अशी त्यांची जन्माची सवय. पण त्यांना ठाऊक होतं ते जुनं छप्पर. पन्हळीला लागून, स्वयंपाकघराच्या बाजूला, दोन पावलांवर ते काचेचं कौल होतं. त्याच्या बरोबर खाली शेगडीवर आमटी रटरटत होती.

वृषाली ओरडणार, एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"काय तात्या, ह्या वयात माकडावानी छपरावर?"

शेजारचा रामहरी. ह्यालाही आत्ताच यायचं होतं! गावातल्या बातम्या पारावर पोचवण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलेलं. शिवाय त्याच्या बापाचे डोळे गेले, तेव्हा तात्यांनीच चारचौघांत म्हाताऱ्याला, एका जागी बांधल्यागत बसतो म्हणून, 'खुंट्याचा बैल' असं नाव ठेवलं होतं. गाव पोट धरून हसलं होतं. रामहरी ते विसरलेला नव्हता.

'पुढे काच आहे' म्हणून ओरडावं, तर उन्हात चकाकणारी काच ज्याला दाखवून द्यावी लागते, त्याचं काय झालंय ते रामहरीला सांगावं लागलं नसतं. संध्याकाळपर्यंत नवा खुंट्याचा बैल गावभर झाला असता. आणि गप्प राहावं, तर माणूस उकळत्या आमटीत.

तात्यांनी पाऊल उचललं.

वृषालीने डोक्यावरचा पदर ओढून कमरेला खोचला.

"मामा! जागचं हलू नका!"

तात्या थिजले. रामहरीने आ वासला.

"सैपाकघरावर पाय टाकायचा न्हाय, सांगून ठेवते. समदी माती माझ्या आमटीत पडती. मागं फिरा. डावा पाय खाली घ्या, पन्हळीच्या कडंला. कडंला म्हणते ना!"

तात्यांचा डावा पाय मागे आला, कडेला टेकला.

"आता बसा. बसूनच सरका. नवी कौलं माझ्या नवऱ्यानं आणल्यात, फोडायला न्हाय."

"अगं ए बया," रामहरी म्हणाला, "सासऱ्याला बोलतीस का गड्याला?"

"आमच्या घरातलं हाय काका, तुमी मधी पडू नका." तिने आवाज कडक केला आणि शिडी घट्ट दाबून धरली. "मामा, उजव्या हाताला शिडी. का आता तीबी हात धरून दाखवू?"

तात्या ती म्हणेल तसे सरकत आले. पायाने शिडीची पायरी शोधली आणि एकेक करत खाली उतरले. त्यांच्या टाचा जमिनीला लागल्या तेव्हा कुठे वृषालीने पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि मान खाली घातली.

"शाब्बास!" रामहरी म्हणाला. "लय गुणाची सून मिळाली, तात्या. आज पारावर सांगतोच, घरोघरी काय चाललंय ते. प्रयागबाईंच्या बी कानावर घालतो."

सासूबाई काय म्हणतील, संदेश काय म्हणेल, माहेरी काय जाईल, सगळं वृषालीला दिसत होतं. जाऊ दे गेलं तर नाव, असं तिने मनाशी म्हटलं खरं, पण डोळे भरून आले.

तात्या शिडीला धरून उभे होते. आत निघून गेले असते तरी चाललं असतं. कोणी काही विचारणार नव्हतं.

"रामहरी, हिकडं ये."

रामहरी फाटक ढकलून आला, पुढ्यात उभा राहिला.

"तुझं तोंड मला न्हाय दिसत," तात्या म्हणाले. "हितनं बी न्हाय. आवाजावरनं वळखतो मी तुला. पोरीला कळलं वाटतं आज. तुझ्यासमोर माझी लाज जाऊ ने म्हणून वरडली ती." ते थांबले. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीने पुसला. "पारावर सांगणार असशील तर हे सांग."

वृषालीने तोंडावर पदर दाबला.

रामहरी पुढे झाला. त्याने तात्यांचा हात ओढला नाही. त्यांच्या अर्धं पाऊल पुढे, पूर्वी बापापुढे राहायचा तसा पाठमोरा उभा राहिला, आणि त्यांचा तळवा उचलून आपल्या खांद्यावर ठेवला.

"चला," तो म्हणाला. "पुढं वट्याची पायरी हाय."